आधी काळा, मग पांढरा : जुन्या पिक्चर ट्यूबचे मोजमाप आणि कॅलिब्रेशन

अंबड-सातपूर लिंक रोडवरच्या एखाद्या भंगारवाल्याकडून, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून किंवा मामाच्या माळ्यावरून पिक्चर ट्यूबचा टीव्ही अथवा मॉनिटर उचलून आणणारे लोक नाशिकमध्ये आजही भेटतात. कोणाला जुने टीव्ही गेम मूळ स्वरूपात खेळायचे असतात, तर कोणी लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट संगणकात उतरवून देत असतो आणि कॅसेटमधले खरे रंग कसे होते हे त्याला जुन्याच पडद्यावर पाहायचे असते. टीव्ही सुरू होतो, चित्र येते, आणि मग प्रश्न पडतो : हे रंग बरोबर आहेत हे ठरवायचे कसे? हा लेख ज्यांनी हे काम पूर्वी केलेले नाही अशांसाठी असून, त्यात मी माझ्या इंदिरानगरच्या खोलीत ज्या क्रमाने काम करतो तोच क्रम दिला आहे. क्रमावर भर देण्याचे कारण असे की, पिक्चर ट्यूबमध्ये एका पॉटला (जुळवणीसाठी फिरवायच्या लहान बटणाला) हात लावला की दुसऱ्या तीन गोष्टी हलतात; क्रम चुकला तर रात्रभर गोल फिरत राहावे लागते.

आधी धोक्याविषयी

रंगीत पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर साधारण २० ते २७ हजार व्होल्ट असतात आणि टीव्हीची पिन काढल्यानंतरही ट्यूबची काच कॅपॅसिटरप्रमाणे तो भार बराच काळ धरून ठेवते. याशिवाय अनेक जुन्या टीव्हींची चॅसिस थेट मेन्सशी जोडलेली असते, त्यामुळे तिला हात लावणे म्हणजे बोर्डाच्या प्लगमध्ये बोट घालण्यासारखे आहे. नवख्याने मागचे झाकण स्वतः उघडू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धानंतरच्या बहुतेक टीव्हींत कटऑफ (प्रत्येक रंग जिथे विझतो ती पातळी), ड्राइव्ह (प्रत्येक रंगाचा जोर) आणि भूमिती (चित्राचा आकार) यांचे आकडे रिमोटने सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे मेकॅनिकसाठीच्या लपवलेल्या मेनूत, बदलता येतात, आणि या लेखातील बरेचसे काम तेवढ्यावर होते. सर्व्हिस मोडमध्ये शिरताच प्रत्येक आकडा वहीत उतरवावा किंवा मोबाइलने पडद्याचे फोटो काढून ठेवावेत. मूळ आकडा हरवला की तो पुन्हा सापडत नाही. ज्या संचात पॉट आतच आहेत, तिथे टीव्ही दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेल्या एखाद्या मेकॅनिकला सोबत घ्यावे. आपल्या शहरात असे लोक अजून आहेत, आणि हे काम त्यांना आवडतेही.

जागा, ऊब आणि चुंबकत्व

ज्या जागी पडदा कायम राहणार आहे, त्याच जागी आणि त्याच दिशेला तोंड करून तो ठेवावा व मगच मोजमापाला सुरुवात करावी. ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळेही किंचित वळतो, म्हणून टीव्ही पूर्वेकडून उत्तरेकडे फिरवला तरी कोपऱ्यांतील रंग बदलू शकतात. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि इथे हे क्षेत्र बरेचसे आडवे आहे. युरोपात ते जमिनीत तीव्र उतारावर शिरते. तिकडे जुळवलेला स्टुडिओ मॉनिटर इकडे आणल्यावर कडेला रंगाचा डाग दिसू लागला, तर तो ट्यूबचा दोष असेलच असे नाही. (या क्षेत्राची मोजणी किती नाजूक असते हे मुंबईला फार पूर्वी कळले होते : विजेवरच्या ट्राममुळे कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा उभी राहिली.)

पृथ्वीपेक्षा घरातले लोखंड अधिक त्रास देते. सिडकोतील एका मित्राच्या टीव्हीवर उजव्या वरच्या कोपऱ्यात सतत जांभळट झाक येत होती. आम्ही दोन संध्याकाळी डिगॉस करण्यात, म्हणजे ट्यूबला चिकटलेले चुंबकत्व काढण्यात, घालवल्या. शेवटी टीव्हीला टेकून असलेले लोखंडी कपाट दीड हात सरकवले आणि पुन्हा एकदा डिगॉस केले, तेव्हा झाक गेली. स्पीकर, स्टॅबिलायझर आणि लोखंडी रॅक यांनाही हाच नियम लागू आहे.

संपूर्ण पडदा लाल करणारी चाचणी-प्रतिमा लावून हे तपासावे, कारण शुद्धतेतील दोष (झोत आपल्या रंगाऐवजी शेजारच्या रंगावर पडणे) लाल रंगात सर्वांत लवकर डोळ्यात भरतो. टीव्हीतील डिगॉसिंग कॉइल सुरू होताना एकदाच काम करते आणि तिच्या मार्गातील थर्मिस्टर थंड झाल्याशिवाय पुन्हा काम करत नाही; म्हणून बटण लागोपाठ चालू-बंद करण्यात अर्थ नसतो, मध्ये पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत. हातातली कॉइल वापरल्यास ती पडद्यासमोर गोल फिरवत हळूहळू दीड-दोन मीटर मागे न्यावी आणि मगच बंद करावी. पडद्याजवळच बंद केली तर होता त्याहून मोठा डाग मिळतो.

त्यानंतर टीव्ही किमान अर्धा तास चालू ठेवावा. कॅथोड, फ्लायबॅक (उच्च दाब तयार करणारा ट्रान्सफॉर्मर) आणि आसपासचे भाग गरम होईपर्यंत काळ्याची पातळी सरकत राहते. डिसेंबरच्या सकाळी, निफाडकडून गारठा येतो तेव्हा, मी पाऊण तास थांबतो.

सिग्नल खात्रीचा असावा

मोजणार आपण पडदा. पण पडद्यात जे शिरते तेच चुकीचे असेल तर सगळे आकडे व्यर्थ आहेत. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या कंपोझिट सिग्नलमध्ये सिंकसह (ओळी जुळवून ठेवणाऱ्या संकेतासह) एकूण १ व्होल्ट असतो, त्यापैकी ०.३ व्होल्ट सिंकचा आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे चित्र ०.७ व्होल्टचे. अमेरिकी एनटीएससीमध्ये काळा शून्यावर नसून ७.५ टक्के वर बसतो, जपानी एनटीएससीत तसे नाही. म्हणून ज्या यंत्रावर आणि ज्या पद्धतीत पुढे पाहणार आहोत त्याच यंत्रातून आणि त्याच पद्धतीत चाचणी-प्रतिमा द्यावी. घरचा डीव्हीडी प्लेअर आणि चाचणी-प्रतिमांची एक डिस्क पुरेशी होते. गेम खेळणाऱ्यांसाठी २४०पी टेस्ट सूट हा मोफत कार्यक्रम फार उपयोगी आहे, कारण तो खुद्द गेमच्या यंत्रावरच चालतो.

स्टुडिओ मॉनिटर असेल तर मागच्या बाजूला ७५ ओहमच्या टर्मिनेशनचे (तारेच्या शेवटी लागणाऱ्या रोधाचे) बटण किंवा टोपण पाहावे. माझी एक संपूर्ण संध्याकाळ यात गेली आहे. पांढरा कितीही वाढवला तरी मळकट राहत होता, ट्यूब थकली असे मी मानून टाकले, ड्राइव्हचे आकडे शेवटापर्यंत नेले, आणि मग लक्षात आले की टी-कनेक्टरने सिग्नल दुसऱ्या मॉनिटरलाही जात होता व दोन्हीकडे ७५ ओहम चालू होते. दोन टर्मिनेशन लागली की सिग्नल दोन-तृतीयांशावर येतो. एकही नसेल तर तो दुप्पट होतो. टर्मिनेशन साखळीच्या शेवटच्या पडद्यावर, आणि फक्त तिथेच, असावे.

मीटरला ट्यूब समजावून सांगणे

मीटर म्हणजे पडद्याचा उजळपणा आणि रंग आकड्यांत मोजणारे उपकरण, कलरिमीटर. एलसीडी पडदा सलग उजळलेला असतो. पिक्चर ट्यूबवर मात्र कोणत्याही एका क्षणी पूर्ण चित्र कधीच नसते. एक ठिपका सेकंदाला १५,६२५ ओळी ओढत धावत असतो, मीटरच्या भिंगाखालून सेकंदात पन्नास वेळा जातो, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात तिथला फॉस्फर (काचेच्या आतला चमकणारा लेप) जवळजवळ विझलेला असतो. लाल फॉस्फर हिरव्या-निळ्यापेक्षा थोडा अधिक रेंगाळतो, एवढेच. आता मीटरने ०.१ सेकंद प्रकाश गोळा केला तर त्यात पाच झळाळ्या येतात. वेळेच्या थोड्या फरकाने त्या कधी चार किंवा सहा झाल्या, तर वाचनात वीस टक्क्यांची तफावत पडते. पूर्ण एक सेकंद गोळा केल्यास पन्नासात एखादी इकडेतिकडे, म्हणजे दोन टक्के. सर्वांत चांगले म्हणजे मीटरने पडद्याची वारंवारता ओळखून २० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीतच मोजणे. आय१ डिस्प्ले प्रोसारखे कलरिमीटर हे करू शकतात, मात्र सॉफ्टवेअरमध्ये पडद्याचा प्रकार ‘सीआरटी’ किंवा ‘रिफ्रेश’ असा निवडावा लागतो. एचसीएफआर आणि अर्गिल सीएमएस ही दोन्ही मोफत सॉफ्टवेअर या कामासाठी पुरेशी आहेत. एकाच राखाडी चौकोनाची दहा वाचने घेऊन पाहावीत. ती एकमेकांशी जुळत नसतील तर पुढे जाऊ नये.

फार जुना, प्लास्टिकच्या रंगीत फिल्टरांचा मीटर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, असे माझे मत आहे. असे फिल्टर दमट हवेत विटतात, आणि आपल्याकडचे पावसाळ्याचे चार महिने त्याला पुरेसे असतात. चांगला मीटरही सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावा.

मोजताना मीटर काचेच्या बरोबर मध्यभागी, काचेला अलगद टेकलेला असावा. खोली पूर्ण काळोखी असावी. पडद्याच्या कडा मध्यापेक्षा नेहमीच थोड्या मंद असतात, म्हणून जागा दर वेळी तीच हवी. पूर्ण पडदा पांढरा करून मोजू नये : झोताचा एकूण प्रवाह वाढला की संचातील मर्यादक मंडल उजळपणा आपोआप खाली ओढते, आणि आपण ट्यूब मोजण्याऐवजी त्या मंडलाची कामगिरी मोजत बसतो. काळ्या पार्श्वभूमीवर, पडद्याच्या साधारण दहा टक्के क्षेत्रफळाचा चौकोन वापरावा.

भूमिती आणि फोकस

हे काम रंगाच्या आधी उरकावे, पण त्यात अडकून पडू नये. २१ इंची म्हणून विकलेल्या टीव्हीचा दिसणारा कर्ण साधारण ५१ सेंटिमीटर असतो. चार-तीन प्रमाणाने रुंदी ४०.८ आणि उंची ३०.६ सेंटिमीटर येते. क्रॉसहॅच (चौकोनांच्या जाळीची प्रतिमा) लावून शिवणकामाच्या लवचीक टेपने मधले आणि कडेचे चौकोन मोजावेत. दोन-तीन टक्क्यांचा फरक वक्र काचेच्या ट्यूबला माफ आहे. एक तपासणी मात्र आवर्जून करावी : कडेला पांढरी चौकट असलेली प्रतिमा लावून मधला भाग आळीपाळीने काळा आणि पांढरा करावा. पांढऱ्याबरोबर चौकट फुगत असेल तर उच्च दाबाचा पुरवठा भाराखाली बसतो आहे, आणि असा संच दुरुस्तीपूर्वी मोजण्यात हशील नाही. ट्यूबच्या मानेवरच्या चुंबकीय कड्यांना, ज्यांवर कारखान्यात रंगाचा थेंब टाकून सील केलेले असते, नवख्याने हात लावू नये.

काळा : इथे घाई नको

संपूर्ण कामात सर्वाधिक वेळ मी काळ्यावर घालवतो. पडद्यावर अशी प्रतिमा लावावी जिच्यात काळ्या पार्श्वभूमीवर दोन उभ्या पट्ट्या असतात, एक काळ्याहून किंचित गडद आणि दुसरी काळ्याहून किंचित उजळ. दिवे बंद करून डोळे काळोखाला सरावेपर्यंत पाच-सात मिनिटे स्वस्थ बसावे, मोबाइल पाहू नये. मग ब्राइटनेस इतका ठेवावा की उजळ पट्टी जेमतेम जाणवेल आणि गडद पट्टी पार्श्वभूमीत विरून जाईल.

ब्राइटनेसचे बटण टोकाला नेऊनही हे साधत नसेल तर प्रश्न तिन्ही रंग एकत्र वरखाली करणाऱ्या स्क्रीन व्होल्टेजचा असतो. त्याचा पॉट फ्लायबॅकवर, फोकसच्या पॉटच्या खाली असतो आणि तो मेकॅनिककडून, प्लास्टिकच्या पेचकसाने केसभरच फिरवून घ्यायचा असतो. काही संचांत सर्व्हिस मोडमध्ये उभे स्कॅनिंग थांबवून पडद्यावर फक्त एक आडवी रेघ ठेवता येते. ती रेघ विझण्याच्या बेतात असेल तिथे पॉट थांबवावा. स्क्रीन जास्त ठेवला तर काळ्या दृश्यावर तिरप्या परतीच्या रेघा दिसू लागतात, आणि नवशिके त्या रेघांना सिग्नलचा दोष समजतात.

आता काळ्याचा रंग. तिन्ही गनांचे (लाल, हिरव्या आणि निळ्यासाठी झोत सोडणाऱ्या भागांचे) कटऑफ एकाच ठिकाणी नसले तर काळोखात पडदा हिरवट किंवा तांबूस भासतो. मीटर इथे फारसा कामाचा नाही, कारण एवढ्या मंद प्रकाशात त्याच्या आकड्यांत गोंगाटच अधिक असतो. सरावलेला डोळा अधिक विश्वासार्ह ठरतो. काळ्याच्या जरा वरची, पाच टक्के राखाडी पट्टी लावून तिच्यात कोणत्या रंगाची छटा आहे ते पाहावे आणि त्या रंगाचा कटऑफ एकेक अंकाने खाली आणावा. पट्टीत रंगच उरला नाही, नुसता राखेसारखा धूसरपणा राहिला, की थांबावे. वीस ते तीस टक्के राखाडीपासून वर मात्र मीटरवर विसंबावे.

पांढरा : आकड्यांचे एक उदाहरण

ध्येय डी६५ हा दिवसाच्या प्रकाशासारखा प्रमाण पांढरा आहे; मीटर रंग ज्या दोन आकड्यांत सांगतो त्यांत तो एक्स ०.३१२७ आणि वाय ०.३२९० असा येतो. टीव्ही कारखान्यातून बहुधा याहून खूप निळा, ९३०० केल्विनच्या आसपास, येतो. दुकानात तो उजळ दिसावा हा त्यामागचा हेतू. कॉन्ट्रास्टने उजळपणा ८० ते १०० निटच्या (निट हे उजळपणाचे एकक) दरम्यान आणावा. पांढऱ्यातील बारीक काळ्या रेघा फुगलेल्या झोतात बुडू लागल्या तर त्याहूनही खाली थांबावे. थकलेल्या ट्यूबकडून ७० निट मिळाले तरी काळोख्या खोलीत ते पुरतात.

समजा ऐंशी टक्के राखाडीवर मीटरने एक्स ०.२८३ आणि वाय ०.२९७ दाखवले. हा नेमका ९३०० केल्विनचा पांढरा. हिरव्याला हात लावू नये. पांढऱ्याच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७१ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा केवळ ७ टक्के असतो, त्यामुळे हिरवा हलवला की आधीची सगळी मांडणी कोसळते. निळ्याचा ड्राइव्ह कमी करावा. त्यामुळे दोन्ही आकडे वाढतात, पण वाय जवळजवळ पावणेदोन पट वेगाने, वाय ०.३२७ ला पोहोचेल तेव्हा एक्स साधारण ०.३०० असेल. इथे निळा सोडून लालचा ड्राइव्ह वाढवावा. लाल मुख्यतः एक्सलाच ढकलतो, वाय जेमतेम हलतो. एक्स ०.३१३ झाला की वायही ०.३२८ च्या जवळ आलेला असतो. ही दिशा एकदा अंगवळणी पडली की आंधळेपणाने तिन्ही रंग फिरवणे बंद होते. दोन्हीकडे ०.००३ पर्यंतचा फरक मी चालवून घेतो.

मग वीस-तीस टक्क्यांवर परत यावे, कटऑफ तपासावेत, पुन्हा ऐंशीवर जावे. कटऑफ हलवला की वरचे टोक थोडे सरकते आणि ड्राइव्ह हलवला की खालचे. अशा चार-पाच फेऱ्या लागतात आणि प्रत्येक फेरीत दुरुस्ती लहान होत जाते. ती लहान होत नसेल तर ट्यूबची एखादी गन थकलेली आहे असे समजावे.

डी६५ पहिल्यांदा पाहणाऱ्याला पडदा पिवळट वाटतो, हे प्रत्येकाचे होते. बाजारातील ‘कूल डेलाइट’ ट्यूबलाइटच्या खोक्यावर ६५०० केल्विन छापलेले असते. त्या प्रकाशात एक कोरा कागद धरून पडद्याशी ताडून पाहिले की शंका बरीच कमी होते.

मधल्या पायऱ्या

शेवटी दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी राखाडीची शिडी मोजावी. ट्यूबच्या गनचा प्रतिसाद सरळ रेषेत नसतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २०११ मध्ये बीटी.१८८६ या शिफारशीत ट्यूबच्या वागणुकीला धरूनच २.४ चा घातांक ठरवला. पूर्ण पांढरा १०० निट असेल तर ८० टक्क्यांवर सुमारे ५८, पन्नासवर १९, तीसवर साडेपाच आणि वीसवर २ निट यायला हवेत. पन्नास टक्क्यांवर पन्नास निट नाहीत म्हणून घाबरलेले फोन मला येतात. तो दोष नव्हे, ट्यूबचा स्वभाव आहे. या स्वभावाला फिरवायचा पॉटच टीव्हीत नसतो. खालच्या पायऱ्यांची वाचने या आकड्यांपेक्षा बरीच जास्त असतील तर ब्राइटनेस जास्त आहे आणि बरीच कमी असतील तर काळा बुडाला आहे. दोन्ही वेळा उपाय एकच, पट्ट्यांच्या प्रतिमेकडे परतणे. संगणकाच्या व्हीजीए मॉनिटरवर मात्र, हे सगळे झाल्यानंतर, अर्गिलच्या साहाय्याने ग्राफिक्स कार्डातून उरलेली वक्रता सुधारता येते. तिथे ध्येय २.२ च्या जवळचे असते आणि पडदा ८५ हर्ट्झवर चालत असेल तर एका फेरीचा काळ पावणेबारा मिलिसेकंदांचा धरावा.

रंगीत प्राथमिकांचे, म्हणजे नुसत्या लाल, हिरव्या आणि निळ्याचे, आकडे एकदा मोजून वहीत लिहावेत. युरोपीय प्रमाणानुसार लाल ०.६४ आणि ०.३३, हिरवा ०.२९ आणि ०.६०, निळा ०.१५ आणि ०.०६ असतो. हे फॉस्फरचे गुण आहेत, बदलता येत नाहीत. पण लालचे वाचन यापासून फारच दूर गेले तर बहुधा शुद्धता बिघडलेली असते, आणि मग डिगॉसिंगपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

काम संपल्यावर मी तारीख, खोलीचे तापमान, मेन्सचा दाब, सर्व्हिस मोडमधील सर्व आकडे आणि वीस व ऐंशी टक्क्यांची वाचने एका कागदावर लिहितो आणि तो कागद टीव्हीच्या मागच्या झाकणावर चिकटवतो. दुसऱ्या दिवशी थंड टीव्ही सुरू करून, अर्ध्या तासानंतर तीच दोन वाचने पुन्हा घेतो. ऐंशीचे वाचन टिकले आणि वीसचे सरकले, तर पुन्हा फक्त कटऑफ पाहायचे असतात.